पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही

मशीनने पहिल्याच रिंगला फोन उचलला आणि किंचाळायला सुरुवात केली. रोज किंचाळतं तसंच. आधी एक लांब सरळ रेघ, मग थरथर, मग खरखर. पण आज त्या किंचाळण्याच्या खाली कोणीतरी श्वास घेत होतं.

"आला," गुरुदत्त सर म्हणाले. ते आज मुद्दाम लवकर आले होते, डब्याची पिशवी अजून हातातच होती. "सांगितलं नव्हतं तुला? सोमवारपासून रोज याच सुमाराला. फोन करतो, मशीन उचलतं, नाव सांगत नाही, पासवर्ड देत नाही, नुसता लाइनवर बसून राहतो. टेहळणी आहे ही, सगुणा. आपल्या कोटेशनच्या मागे आहे कोणीतरी."

टेबलावर, मेलच्या कॉम्प्युटरशेजारी, पुस्तकाएवढा तो मोडेमचा डबा लाल दिवे लुकलुकवत होता आणि त्याच्या पोटातल्या लहानशा स्पीकरमधून श्वास येत होता. आत घेताना जरा अडकणारा, बाहेर पडताना ओठांच्या एकाच कडेने निसटणारा. एकाच कडेने. श्वासालाही चेहरा असतो हे चार महिन्यांपूर्वी तिला कोणी सांगितलं असतं तर ती हसली असती. पण त्यानंतर कल्याणच्या त्या हॉस्पिटलात, बाबांच्या खाटेखाली चटई टाकून, वरून येणारा हाच श्वास ऐकत ती कितीतरी वेळ पडून राहिली होती. थांबला की तिचाही थांबायचा. सुरू झाला की ती कूस बदलायची. तो श्वास आता ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, एसीच्या गारव्यात, तिच्यासमोर एका डब्यातून येत होता, आणि सर त्याला चोर म्हणत होते.

रेघ. थरथर. खरखर.

मशीनला समोरून दुसरं मशीन हवं होतं. समोर माणूस होता.

हे सगळं तिनेच उभं केलं होतं. कंपनी पंप बनवायची. विकणारी माणसं नाशिकला, सांगलीला, लातूरला. त्यांनी फॅक्स पाठवायचे, ते पुसट यायचे, कोणी भलत्याच टेबलावर ठेवायचं. ऑफिसात आपापसात मेल सुरू होऊन वर्ष झालं होतं, पण ती मेल ऑफिसच्या भिंतींच्या आतच. बाहेरच्या माणसाला आत कसं घ्यायचं? एक फोन लाइन मशीनला द्यायची, बाहेरच्याने त्या नंबरवर फोन करायचा. मग सरांनी विचारलं होतं, "आणि नंबर कोणाला कळला तर? पासवर्ड कोणी चोरला तर? आपले भाव सगळे उघडे." तेव्हा सगुणा म्हणाली होती की मशीनने आत घ्यायचंच नाही. मशीनने नाव विचारायचं, पासवर्ड विचारायचा, आणि फोन ठेवून द्यायचा. मग त्या माणसाचा जो घरचा नंबर आपल्याकडे नोंदलेला आहे, त्यावर मशीनने स्वतः फोन करायचा. पासवर्ड चोरणाऱ्याच्या घरी तो फोन वाजणारच नाही. सांगलीच्या माणसाच्या घरी वाजेल. ज्याचं घर माहीत आहे त्यालाच आत.

सर खुर्चीत मागे रेलले होते. "कुठे वाचलंस हे?"

तिने वाचलं होतंच. पुस्तकात होतं, चित्रासकट. पण वाचताना तिला काही नवं वाटलं नव्हतं, उलट कोणीतरी आपल्या घरातली गोष्ट इंग्रजीत छापली आहे असं वाटून ती उगाच लाजली होती. चेंदणीला, खाडीच्या काठावर, अंधार पडल्यावर होडी परत यायची तेव्हा पाण्यावरून हाक यायची. होऽऽ. आई उठायची नाही. आई मासळीच्या टोपलीवर पाणी शिंपडत बसलेली असायची, तशीच बसून राहायची. सगुणा तिचा पदर ओढायची, आई गं, बाबा आले, ओ दे ना. "पयल्या हाकंला ओ द्यायची नाय," आई म्हणायची. "पान्यावरचं जे काय असतं ना, ते एकदाच हाक मारतं. मानूस दोनदा मारतो." मग तो थांबण्याचा वेळ. किती लांब असायचा तो. चिखलाचा वास, खेकड्यांची टुकटुक, पलीकडे पुलावरचे दिवे, आणि पोटात एक रिकामी जागा, जिथे कदाचित बाबा नसतील, ते जे काय असतं ते असेल. मग दुसरी हाक. होऽऽ. आई उठून काठापर्यंत जायची आणि आपल्या आवाजात परत हाक घालायची, आणि त्या आवाजाच्या दिशेने होडी आत यायची. बाबांचा आवाज एवढा मोठा होता की कळव्याच्या बाजूची कुत्री भुंकायची. दामाजीची हाक आली, आता भात लावा, असं शेजारच्या बायका म्हणायच्या.

मग खाडीचं पाणी काळं झालं, मासळी कमी झाली, होडी गेली, आई गेली, घर गेलं. बाबांनी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. का तर नदी जवळ आहे. काळू नदीवर होडी नाही, जाळं नाही, काही नाही. पण पाणी आहे, म्हणाले. सगुणा खोपटला एस.टी. डेपोच्या मागे खोली घेऊन राहिली, कारण ऑफिस जवळ. टिटवाळ्याच्या घरी फोन बसला तेव्हा बाबांनी तिला ऑफिसच्या टेबलावर फोन केला, दोनदा वाजवला आणि ठेवला. तिने घाबरून उलटा फोन केला.

"काय झालं बाबा?"

"कुठं काय? दोन वाजवल्या ना? म्हंजे मी हाय."

"मग बोलायचं ना."

"हाय ते सांगितलं. बोलायचं काय त्यात?"

तेव्हापासून रोज. ती टेबलाशी पोचून पर्स ठेवायची आणि फोन वाजायचा. रिंग. रिंग. बंद. शेजारचे लोक हसायचे, सगुणाचा अलार्म आला. तिने कधी उचलला नाही. एकदा तरी उचलायला नको होता का? त्या मोठ्या आवाजात ते काहीबाही बोलले असते, नदीला पाणी आलंय, मंजुळेचं गुडघं दुखतंय, आणि ती हं हं करत फाइल चाळत राहिली असती. अर्धांगाच्या झटक्यानंतर आता तो आवाज कुठेच नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, शब्द डोक्यात आहेत, वाट बंद झाली आहे. बोलायचा सराव करायला हवा. बाबा सराव करत नव्हते. त्यांची बहीण, मंजुळाआत्या, पुढ्यात बसून म्हणायची, "म्हन दामा, पा-नी." बाबा भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टरसमोर ओठ घट्ट. सगुणासमोर तर त्याहून घट्ट. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला लहान आवाजाची लाज वाटत होती. फक्त दोन रिंग तेवढ्या चालू राहिल्या होत्या. डाव्या हाताच्या बोटाने, चुकत, परत पहिल्यापासून, पण नंबर लागायचा.

आणि मग सोमवारी तिने आपल्या टेबलावरचा फोन काढून ती लाइन मशीनला दिली होती. ऑपरेटरमधून न जाणारी तीच एक सरळ लाइन होती. तीन दिवस लागोपाठ धावपळ, सांगलीचा माणूस जोडला, नाशिकचा जोडला, आणि दोन रिंग वाजत नाहीयेत हे तिला कळलंच नाही. (नाही, कळलं होतं. मंगळवारी कळलं होतं, वरवर, जसं चपलेत खडा आहे हे कळतं आणि आपण चालत राहतो.)

स्पीकरमधला श्वास बदलला. जरा ओढला गेला.

"स," स्पीकर म्हणाला. "सऽ. सऽऽ."

"लाइनवर डिस्टर्बन्स आहे," सर म्हणाले.

"सऽऽ," आणि मग काहीतरी घशातून वर येऊन पडलं, पुन्हा उठलं, "स... ऊ."

मशीन दमलं. दिवे विझले. खट्. लाइन तुटली आणि खोलीत फक्त एसी उरला.

सरांनी पिशवी टेबलावर ठेवली. "आजच्या आज बंद कर. एमडींना मी सांगतो की हे आपल्याला झेपणारं नाही. फॅक्स बरा. आणि सॉरी, ते तुझं टिटवाळ्याचं जे काही ठरत होतं..."

ठरत होतं ते एवढंच, की हे नीट चाललं तर सगुणानेही आठवड्यातले तीन दिवस टिटवाळ्याहून काम करायचं. मंजुळाआत्या गणपतीनंतर आपल्या मुलाकडे आंबिवलीला परत जाणार होती. मग बाबांपाशी कोण? पोपट, तिचा भाऊ, सुरतेहून फोन करायचा: "ताई, मी नेतो त्यांना. तिसऱ्या मजल्यावर आहे घर, लिफ्ट आहे, सगळं आहे." सगळं होतं. पाणी नव्हतं. सुरतेचं नाव काढलं की बाबा चांगल्या हाताने खाटेची कड धरायचे. पोपट वाईट नव्हता. तो फक्त म्हणत होता, की तू तिथे नसशील तर मी नेणारच. आणि बरोबर होतं त्याचं.

"सर, तो चोर नाहीये."

"मग कोण आहे?"

"माझे बाबा."

गुरुदत्त सरांनी चष्मा काढला, लावला. "तुझ्या वडिलांना आपली मेल कशाला वाचायचीय?"

तिला एकदम हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाहून सर इतके घाबरले की त्यांनी तिच्यापुढे आपल्या डब्याचीच पिशवी सरकवली. मग तिने सांगितलं. तुटक सांगितलं, आधीचं नंतर, नंतरचं आधी. दोन रिंगचं सांगितलं, वाचा गेल्याचं सांगितलं, पाण्यावरच्या हाकेचं सांगायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. सर ऐकत होते आणि मशीनकडे बघत होते.

"मग त्यांना दुसरा नंबर दे ना."

"तो त्यांच्या बोटात आहे सर. डोक्यात नाहीये. नवा नाही बसणार आता."

"आपण मशीनला दुसरी लाइन मागितली तर येईल सहा महिन्यांनी," सर स्वतःशीच म्हणाले. मग थांबून, "ते ऊ म्हणाले शेवटी. ते काय होतं?"

"सगू. मला सगू म्हणतात ते." आणि हे बोलल्यावरच तिला कळलं की ते काय होतं. चार महिन्यांत त्यांनी कोणासमोर ओठ उघडले नव्हते. ते रोज सकाळी आत्या आंघोळीला गेली की फोन लावत होते, पलीकडून कोणीतरी उचलत होतं आणि किंचाळत होतं, म्हणजे तेही धड बोलू न शकणारं, आणि त्याच्यापाशी बाबा सराव करत होते.

"मशीन पहिल्या रिंगला उचलतं, तेच चुकलं," ती म्हणाली. "मीच तसं लावलं. मला माहीत असायला हवं होतं. चौथ्या रिंगवर लावते. दोन रिंग येऊन बंद झाल्या तर मशीन हलणारही नाही. आपल्या माणसांना काय, दोन रिंग जास्त थांबतील. आत घ्यायचा नियम तोच राहील सर, त्याला हात लावत नाही. बाबांकडे पासवर्ड नाही, त्यांना मशीन कधीच आत घेणार नाही."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली चहावाला आला होता. "अख्खा आठवडा मी चोर पकडतोय," ते म्हणाले. "बायकोला सांगून बसलोय. एमडींना तू सांग हं काय ते, मी नाही सांगणार, मला जन्मभर हसतील." आणि दारापाशी जाऊन, मागे न बघता: "सोमवारी टिटवाळ्याहून लाव. बघू."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ती मशीनपाशी एकटी होती. जुना फोन शोधून तिने त्याच लाइनवर शेजारी जोडला होता, घंटी ऐकू यावी म्हणून.

रिंग.

रिंग.

आता बंद होईल. तिने डोळे मिटले. दोन रिंग म्हणजे मी हाय.

रिंग.

बंद झाली नाही. पोटातली ती जुनी रिकामी जागा उघडली, चिखलाचा वास आला.

रिंग. मशीनने उचललं. रेघ. थरथर. आणि खाली श्वास, घाईने, जणू कोणी जिना चढून वेळेवर पोचलं आहे. "सऽ," बाबा म्हणाले. तिचा हात रिसीव्हरवर गेला. उचलला असता तर ती म्हणाली असती, बाबा, मी. आणि पलीकडे ओठ घट्ट मिटले असते. त्यांना ती नको होती आत्ता. त्यांना तो डबा हवा होता, ज्याला लाज वाटत नाही आणि जो कोणाला सांगत नाही. पण हा डबा सांगत होता. अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं सांगत होता. झाडूवाली मावशी दारात थबकली होती. सगुणाने रिसीव्हर सोडला. डब्याच्या मागच्या बाजूला आवाजाचं लहानसं चाक होतं, नखाने फिरवावं लागायचं. तिने ते शेवटपर्यंत फिरवलं.

किंचाळणं गेलं. श्वास गेला. दिवे तेवढे लुकलुकत राहिले. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, पाण्याच्या काठावर उभं राहावं तशी. आत काय बोललं जात होतं ते आता कोणालाच ऐकू येत नव्हतं. तिलाही नाही.

सोमवारी टिटवाळ्याला कंपनीचा जुना कॉम्प्युटर खिडकीखालच्या टेबलावर बसवला होता आणि बाबा मागे खाटेवर, दोन उशांना टेकून. आत्याने मॉनिटरवर आधी झालर लावलेला रुमाल घातला, मग सगुणाने काढल्यावर रागावून त्याची घडी केली.

"आता काय होनार?" आत्याने विचारलं.

"आता मी ऑफिसच्या मशीनला फोन करणार. नाव सांगणार. ते फोन ठेवून देणार."

"हात् मेल्या. ठेवून देनार?"

"आणि मग ते आपल्या घरी उलटा फोन करणार. इथलं मशीन उचलणार. मग मी आत."

"आनि हितलं कितव्या वाजन्याला उचलतंय?"

"चौथ्या."

"मंग ठीक हाय," आत्या पदराने हात पुसत म्हणाली. "पयल्याला उचलतं ते येडं."

सगुणाने इथल्या मशीनला नंबर फिरवायला लावला. टिटवाळ्याच्या त्या खोलीत मशीन किंचाळलं, आणि मागून खाटेवरून एक बारीक आवाज आला. ईंऽऽ. तिने मान वळवली नाही. खिडकीच्या काचेत बाबांचा अर्धा चेहरा दिसत होता, हसणारा अर्धा. ते मशीनची नक्कल करत होते. आत्याने तोंडावर हात घेतला. "आगो बाय, ह्याला तर येतं बोलाया," ती कुजबुजली, आणि बाबांनी लगेच ओठ मिटले. आत्या स्वतःच्याच तोंडावर चापट मारून आत निघून गेली, आणि आतून भांडी मुद्दाम जोरात वाजायला लागली.

पडद्यावर सगुणाने नाव घातलं. पासवर्ड घातला. ठाण्याच्या मशीनने फोन ठेवला. आता वाट बघायची. बाहेर नदीच्या बाजूने कोणीतरी कपडे आपटत होतं, एक आपटणं आणि थोड्या वेळाने त्याचा पलीकडून येणारा आवाज. उलटा फोन आला नाही तर सर म्हणतील बघू, पोपट म्हणेल बघ. ती काचेत बघत होती. काचेतले बाबा तिच्या पाठीकडे बघत होते.

रिंग.

काचेतले ओठ हलले. आवाज आला की नाही कळलं नाही.

रिंग.

"सऊ."

आला. पाठीवर आला, लहानसा, एका कडेने निसटलेला. तिच्या सगळ्या अंगाने ओ म्हटलं, जिभेने म्हणायचं तेवढं राहिलं. तिने टेबलाची कड धरली. थांबायचं. पहिल्या हाकेला नाही. हे त्यांनाही माहीत होतं, त्यांनीच तर आयुष्यभर पाण्यावर, अंधारात, ती मधली लांबच लांब वाट पाहिली होती. आत भांड्यांचा आवाज थांबला.

रिंग.

"सगू."

"ओ," ती म्हणाली, आणि वळली.